पत्र तुमचं, किल्ली कोणाकडे?

मैत्रिणींनो,

गेल्या आठवड्यात तुरीच्या डाळीला कीड लागू नये म्हणून काय करावं ते सांगितलं होतं. त्यावर पुष्कळजणींनी आपापले उपाय कळवले आहेत, ते पुढच्या अंकात देईन. आज डाळ-तांदूळ जरा बाजूला ठेवते. दिग्रसहून एका भगिनीचं पत्र आलं आहे आणि ते वाचल्यापासून मला चैन नाही.

ही भगिनी डी. एड. झालेली. लग्नाला सहा वर्षं झाली, पदरी एक मुलगी. मागच्या वर्षी तिने एका निवासी शाळेत नोकरीसाठी अर्ज केला. अर्ज भरायला ईमेल लागतो. ती गेली फॉर्म भरायच्या दुकानात. दुकानातल्या मुलाने पाच मिनिटांत खातं उघडून दिलं, पासवर्डही त्यानेच ठेवला आणि एका चिठ्ठीवर लिहून दिला. फोन नंबर मागितला तेव्हा सोबत आलेल्या दिरांनी आपला दिला. खातं उघडलं तेही दिरांच्याच मोबाइलवर. "वहिनी, काही आलं की मी सांगतो ना तुम्हाले," असं म्हणाले. हिला ते सोयीचंच वाटलं.

मुलाखतीचं बोलावणं आलं. दिरांनी ते वाचलं, सासूबाईंना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू लहान आहे, कायले पाठवता तिले तिकडे?" आणि पत्र पुसून टाकलं गेलं. हिला कुणी काही बोललं नाही. तीन आठवड्यांनी बरोबर अर्ज केलेल्या मैत्रिणीने विचारलं, "तू आली नाहीस गं मुलाखतीला?" तेव्हा उलगडा झाला. ईमेलमधलं पुसलेलं पत्र तीस दिवस कचरापेटीत राहतं. तिथे ते सापडलं. तारीख मात्र निघून गेली होती.

ती लिहिते, "ताई, भांडण करायचं नाही. एवढंच सांगा, माझ्या नावाचं पत्र माझ्या आधी कोणी वाचू शकतं का? आणि मी यांचा मोबाइल उघडून पाहिला तर तोही गुन्हा होतो का?"

प्रश्न दोन आहेत, पण मूळ एकच. आणि हे दुखणं आजचं नाही, बरं का!

मी लग्न होऊन यवतमाळला आले तेव्हा माहेरचं आंतर्देशीय पत्र यायचं. निळ्या कागदाच्या तीन बाजू डिंकाने चिकटवलेल्या असायच्या, पण माझ्या हाती यायचं ते उघडलेलंच. सासूबाई वाईट नव्हत्या हो! त्यांना त्यात गैर काही वाटतच नसे. "आपल्याच घरचं तर पत्र आहे, लपवाचं काय आहे त्याच्यात, सूनबाई?" असं त्या अगदी मनापासून विचारायच्या. मग मी आणि आईने एक खूण ठरवली. मन रमत नसलं की मी लिहायची, "औंदा लोणच्याला तेल कमी पडलं." आई काय ते समजायची आणि पुढच्या पंधरवड्यात काहीतरी निमित्त काढून भाऊ येऊन जायचा. चार वर्षांत माझ्या लोणच्याला तीन वेळा तेल कमी पडलं. आज हसू येतं, पण तेव्हा त्या एका वाक्यावर माझा सगळा भार होता.

पोस्टकार्ड सगळ्यांचंच, हे आपण धरूनच चाललो होतो. पोस्टमनने वाचावं, शेजारणीने वाचावं. पाकीट मात्र ज्याच्या नावाचं त्याचं. आता ईमेल म्हणजे पोस्टकार्ड की पाकीट? माझ्या समजुतीप्रमाणे ते पाकीट आहे, पण त्याच्या किल्ल्या अनेक असू शकतात आणि किती ते आपण मोजलेल्या नसतात. त्या कुणाकुणाकडे असतात ते एकदा घरापासून दिल्लीपर्यंत पाहून घेऊ.

पहिली किल्ली घरातली. ज्या ज्या मोबाइलवर तुमचं खातं उघडलेलं आहे, त्या प्रत्येक मोबाइलवर तुमचं प्रत्येक पत्र जातं. पासवर्ड माहीत नसला तरी जातं, कारण दार उघडंच राहिलेलं असतं. आणि ज्याचा फोन नंबर खात्याला जोडलेला आहे, तो "पासवर्ड विसरलो" म्हणून आपल्या नंबरवर ओटीपी मागवून नवा पासवर्ड ठेवू शकतो. म्हणजे खातं नावाने तुमचं, पण किल्लीचा जुडगा ज्याचा नंबर त्याच्या कमरेला!

दुसरी किल्ली दुकानातली. फॉर्म भरून देणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड घरी येऊन आपण बदलला नाही, तर तो त्यालाही ठाऊक असतो. बहुतेक मुलं बिचारी सरळ असतात, पण घराचं कुलूप सुताराने बसवून दिलं म्हणून आपण जादा किल्ली त्याच्याकडे ठेवतो का?

तिसरी किल्ली कचेरीची. नोकरी करणाऱ्या भगिनींनी लक्षात ठेवावं की बँकेने, शाळेने किंवा कंपनीने दिलेला ईमेल हा त्या संस्थेचा असतो. तो सांभाळणाऱ्याला तिथला मजकूर पाहता येतो आणि नोकरी सुटली की खातंही जातं. माहेरच्या, आजारपणाच्या, पैशाअडक्याच्या गोष्टी तिथून लिहू नयेत.

चौथी किल्ली ज्या कंपनीचं टपाल तिची. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झालं. पैसे घेत नाहीत, मग चालतं कशावर? जाहिरातींवर! पूर्वी त्यांचं यंत्र पत्रांतले शब्द तपासून त्याप्रमाणे जाहिराती दाखवायचं. लोकांनी पुष्कळ कुरकुर केली तेव्हा २०१७ साली गूगलने जाहिरातींसाठी पत्रं तपासणं बंद करण्याचं जाहीर केलं. नकोशी आणि फसवी पत्रं वेगळी काढायला यंत्र आजही पत्रं चाळतंच. पत्र वाटेत सहसा कुलपातून जातं, पण कंपनीच्या कोठारात पोचल्यावर त्या कुलपाची किल्ली कंपनीकडे असते, एवढं ध्यानात असू द्या.

व्हॉट्सॲपचं थोडं वेगळं आहे. एप्रिल २०१६ पासून तिथल्या निरोपाला अशी व्यवस्था आहे की कुलूप फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतं, मधे कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. पण तुमचा फोनच कुणी हातात घेतला, किंवा दोन मिनिटं मागून घेऊन तुमचं व्हॉट्सॲप आपल्या संगणकाला जोडून ठेवलं, तर त्या कुलपाचा काय उपयोग? पेटी तिजोरीची आणि झाकण उघडं!

पाचवी किल्ली सरकारची. सरकारला टपाल उघडण्याचा अधिकार इंग्रजांच्या १८९८ च्या कायद्यापासून आहे. १९८६ साली संसदेने तो अधिकार वाढवणारं विधेयक मंजूर केलं, तेव्हा देशभर ओरड झाली होती. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही आणि शेवटी २००२ साली ते मागे घेतलं गेलं. आता १८९८ च्या कायद्याची जागा २०२३ च्या टपाल कायद्याने घेतली आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी टपाल अडवण्याची मुभा त्यातही आहे. ईमेलसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे. त्यात देशाची सुरक्षा, गुन्ह्याचा तपास अशी ठरावीक कारणं सांगितलेली आहेत आणि साधारणपणे केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा लेखी आदेश लागतो. कुणी हवालदार ओळखीचा आहे म्हणून शेजारणीची पत्रं वाचून देईल, असं कायद्यात कुठेही नाही.

आणि या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की आपलं खाजगीपण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. लग्न झालं की तो हक्क उंबरठ्याबाहेर काढून ठेवावा, असं त्यांनी म्हटलेलं नाही.

आता दिग्रसच्या भगिनीचा दुसरा प्रश्न. नवऱ्याचा ईमेल बायकोने उघडला तर? याचं उत्तर आपल्याच राज्यात मिळालेलं आहे.

एका विवाहितेने पुण्यात सासरच्या छळाची तक्रार केली होती. पुरावा म्हणून तिने नवऱ्याची आणि सासऱ्यांची ईमेल खाती उघडली, त्यातली पत्रं छापून पोलिसांना दिली. नवऱ्याने आणि सासऱ्यांनी उलट तक्रार केली, की आमची खाती परवानगीवाचून उघडली, भरपाई द्या. अशा तक्रारींचा निवाडा माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव करतात. तेव्हा राजेश अग्रवाल हे सचिव होते. २०११ साली त्यांनी निकाल दिला: नवरा झाला तरी त्याचं खातं त्याच्या परवानगीशिवाय उघडणं हा कलम ४३ चा भंगच आहे. पण तिने ती पत्रं चव्हाट्यावर मांडली नाहीत, फक्त पोलीस आणि न्यायालयापुढे ठेवली, म्हणून भरपाई नाही. दंड किती? शंभर रुपये, तोही सरकारी तिजोरीत!

मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. अडचणीत सापडलेल्या बाईला त्याने चिरडलं नाही आणि चूक ती चूक हेही सांगून ठेवलं. पण म्हणून शंभर रुपयांत सुटका होते असं कुणी समजू नये. लबाडीने दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं हा कलम ६६ क खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि तोच नियम नवऱ्याला, दिराला, सासूला आणि दुकानातल्या मुलालाही आहे.

आणखी एक सांगते, कारण वर्तमानपत्रात वाचून पुष्कळजणींचा घोटाळा झाला आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं ठरवलं, की नवरा-बायकोच्या दाव्यात चोरून ध्वनिमुद्रित केलेलं त्यांचं संभाषण पुरावा म्हणून दाखल होऊ शकतं. याचा अर्थ "करा खुशाल चोरून रेकॉर्ड" असा नव्हे. जोडीदारावर पाळत ठेवायची वेळ आली, म्हणजे त्या लग्नातला विश्वास आधीच तुटला आहे, असंही त्याच निकालात म्हटलं आहे. त्याच सुमारास छत्तीसगडच्या उच्च न्यायालयाने, बायकोने मोबाइलचा पासवर्ड द्यावा म्हणून नवरा सक्ती करू शकत नाही, असं सांगितलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की नीट समजतं. न्यायालयात काय दाखल होईल हा एक प्रश्न आणि घरात काय शोभेल हा दुसरा.

"अहो ताई, पण नवरा-बायकोत कसलं आलं खाजगी?" असं वणीच्या एका भगिनीने विचारलं आहे. खरं आहे. पुष्कळ घरांत दोघांचे पासवर्ड एकमेकांना माहीत असतात आणि त्यात काही बिघडत नाही. आमच्याकडेही यांचे बँकेचे कागद मीच पाहते. पण आपण होऊन दिलेली किल्ली आणि काढून घेतलेली किल्ली यात फरक आहे. फडताळ उघडं ठेवणं निराळं आणि कुणी आपल्यामागे त्यातल्या साड्यांच्या घड्या उस्कटून पाहणं निराळं. शिवाय माझ्या खात्यात फक्त मीच असते का? बहीण मला तिच्या घरचं दुःख लिहिते. ते तिने मला सांगितलेलं असतं, माझ्या सासरला नव्हे.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझी मुलगी पुण्याला शिकायला होती. दिवाळीला आली तेव्हा तिचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता आणि मी तो उघडला. काळजी, दुसरं काय? तिने मैत्रिणीला लिहिलं होतं, "एका पेपरात गेले. आईला कसं सांगू?" ते वाचून माझा जीव खाली-वर झाला. तिला जवळ घ्यावं, "जाऊ दे गं, पुढच्या वेळी निघेल" म्हणावं असं वाटलं. पण कुठल्या तोंडाने म्हणणार? तसं म्हणायचं तर चोरून वाचल्याचं कबूल करायला हवं. चार दिवस आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत चिवडा खात बसलो. ती मनातलं मनात घेऊनच पुण्याला परत गेली. ज्या सुनेने लोणच्याचं तेल कमी पाडलं, तिनेच सासू होऊन पाकीट फोडलं की नाही? पुढे संक्रांतीला मी तिला सारं सांगून टाकलं. ती रागावली, दोन दिवस बोलली नाही. पण त्यानंतर मात्र ती आपण होऊन सांगू लागली. म्हणून वणीच्या भगिनीने मुलीच्या मोबाइलबद्दल जे विचारलं आहे, त्याला माझं उत्तर हेच: लेकरू लहान असेल तर मोबाइल वापरण्याचे नियम त्याच्यासमोर, त्याला सांगून करा. वयात आलेल्या मुलीला विचारा. चोरून वाचलेल्या पत्राचं उत्तर देता येत नाही.

आता कामाचं. पुढच्या गोष्टी एखाद्या दुपारी, हातातलं काम आटोपल्यावर, निवांत बसून करा.

१. आपल्या खात्याला नंबर कोणाचा जोडला आहे ते पाहा. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर तो दिसतो. दुसऱ्याचा असेल तर काढून आपला घाला. जुन्या नंबरवर पुढचे सात दिवस ओटीपी जाऊ शकतो, तेव्हा आठवडाभराने पुन्हा एकदा पाहून घ्या.

२. मग पासवर्ड बदला. मुलीचं नाव, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द घ्या आणि मधे आकडे घाला. लिहून ठेवायचाच तर आपल्या कपाटात ठेवा, फ्रिजवर चिकटवू नका.

३. त्याच पानावर "तुमची डिव्हाइस" म्हणून यादी असते. तुमचं खातं कुठल्या कुठल्या मोबाइलवर उघडं आहे ते तिथे दिसतं. ओळखीचं नसेल ते तिथूनच बंद करता येतं.

४. दोन पायऱ्यांची पडताळणी सुरू करा. मग पासवर्ड कुणाला कळला तरी तुमच्या मोबाइलवरच्या होकारावाचून दार उघडत नाही.

५. आपली पत्रं परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जात नाहीत ना, हे संगणकावर जीमेलच्या सेटिंगमध्ये "फॉरवर्डिंग" खाली पाहा.

६. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक केलेली डिव्हाइस" उघडा. नको ते काढा.

७. दुकानातल्या संगणकावर खातं उघडलं तर उठण्यापूर्वी साइन आउट करा. ओटीपी कुणालाही सांगू नका, अगदी गोड आवाजात मागितला तरी.

८. आणि एक जरा जड गोष्ट. माणूस अचानक गेला की विम्याची पत्रं, मुलांचे फोटो, सगळं त्याच्या खात्यात अडकतं. गूगलमध्ये "निष्क्रिय खाते व्यवस्थापक" म्हणून सोय आहे. आपण ठरवलेले महिने खातं वापरलं गेलं नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला आपण ठरवू तेवढंच मिळतं. दोघांनी मिळून एकदा करून ठेवा. विश्वासाची किल्ली द्यायची ती अशी, आपल्या हाताने.

एक मात्र बजावून सांगते. ज्या घरात मारहाण आहे, धाक आहे, तिथे हे सगळं एकदम करू नका. पासवर्ड बदलला की समोरच्याला लगेच कळतं आणि राग तुमच्यावर निघतो. आधी विश्वासातल्या माणसाच्या फोनवरून मदत मागा. महिलांसाठी १८१ आहे, तातडीला ११२ आहे. यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे बायकांना मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. बायकोला धाकात ठेवणं, तिला पदोपदी अपमानित करणं हाही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे छळच आहे. ऑनलाइन पैसे गेले तर मात्र वेळ न दवडता १९३० लावा.

दिग्रसच्या भगिनीला मी हे सारं महिन्याभरापूर्वीच कळवलं होतं. परवा तिचं दुसरं पत्र आलं. तिने दिरांना समोर बसवून सांगितलं, "भाऊजी, तुमचा नंबर काढून माझा घालते आहे. पुढचं पत्र मी वाचीन, आणि जायचं की नाही ते आम्ही दोघं ठरवू." दीर खाली मान घालून बसले होते म्हणे. सासूबाई दोन दिवस धुसफुसल्या, तिसऱ्या दिवशी नातीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "जाशील तं हिच्या दुधाचं सांगून जाजो." यजमानांनी दारव्ह्याच्या एका शाळेची जाहिरात आणून दिली. अर्ज गेला आहे. नोकरी मिळते की नाही ते मला ठाऊक नाही. पण या वेळी बोलावणं आलं तर ते सर्वांत आधी जिच्या नावाचं आहे तीच वाचेल.

तुमच्या खात्याला कोणाचा नंबर जोडला आहे, ते आज पाहाच. आणि मला कळवा. पत्र बंद पाकिटातून पाठवा हं! इथे ते मीच फोडते.

पुढच्या आठवड्यात डाळीचे राहिलेले उपाय.

तुमची,
ताई